बंद पडलेला ब्लॉग परत सुरू करायचाय, तर असं करा

माझा ब्लॉग २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१३ च्या पावसाळ्यात बंद पडला. ठरवून बंद केला नाही, एक आठवडा लिहिलं नाही, मग महिना गेला, मग मुलाची शाळा सुरू झाली, आणि हळूहळू पासवर्डपण विसरला. गेल्या वर्षी परत लिहायला लागले तेव्हापासून पाच-सहा जणींनी विचारलंय की अगं मलाही परत लिहायचंय पण सुरुवात कुठून करू, म्हणून प्रत्येकीला व्हॉट्सॅपवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी थोडं जुनं. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना आठवत असेल, बीएसएनएलचा ५०० वाला प्लॅन, रात्री २ ते सकाळी ८ फुकट, त्यासाठी गजर लावून उठायचं आणि एकेकाचा ब्लॉग उघडून वाचत बसायचं. मराठीब्लॉग्स डॉट नेटवर आज कुणी नवीन काय टाकलंय ते दिसायचं. एखाद्या विषयावर आपलं लिहून झालं की पुढच्या दोघा-तिघांना 'खो' द्यायचा, मग त्यांनी त्यावर लिहायचं. २०१० ला पुण्यात आणि मुंबईत ब्लॉगर्सचे मेळावेसुद्धा झाले. मग सगळे फेसबुकवर गेले, तिथे दोन ओळी टाकल्या की पाच मिनिटांत लाईक यायचे, आणि १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला. मला विचाराल तर खरा फटका तिथे बसला. वीस-पंचवीस जणांचं नवीन लिखाण एका जागी दिसायचं ते दिसेनासं झालं, लिहिणारे लिहीत होते पण एकमेकांकडे जायची पायवाटच मोडली. हे एवढ्यासाठी सांगतेय की परत सुरू करताना नुसतं लिहून भागत नाही, ती पायवाट पण परत पाडावी लागते, आणि लोक नेमकं तेच विसरतात आणि तीन महिन्यांत कंटाळून सोडून देतात.

तर पहिलं काम, जुना ब्लॉग आहे का बघा. ब्लॉगस्पॉटवर असेल तर अजून तसाच्या तसा असू शकतो, फक्त ज्या जीमेलवरून काढला होता ते खातं सापडायला हवं. जुन्या डायऱ्या शोधा, नवऱ्याला विचारा, रिकव्हरीसाठी कुठला नंबर दिला होता तो आठवा. आणि हे पुढच्या रविवारवर ढकलू नका, कारण दोन वर्षं अजिबात न वापरलेली खाती काढून टाकायचं धोरण गूगलने २०२३ मध्ये आणलंय. आत शिरलात की सेटिंग्जमध्ये 'मॅनेज ब्लॉग' खाली बॅकअप आहे, तो आधी डाउनलोड करून ठेवा, एक फाईल मिळते, ती स्वतःलाच मेल करा. खातं मिळालंच नाही तर निदान ब्लॉगचा पत्ता वेबॅक मशीन नावाच्या, जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर टाकून बघा, काही पानं तिथे जपलेली असू शकतात, ती कॉपी करून घ्या.

जुनं वाचताना लाज वाटेल. मला पण वाटली, २००९ मध्ये मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी तीन टिंबं द्यायचे. पण डिलीट करू नका प्लीज. फारच खाजगी काही असेल तर ती पोस्ट ड्राफ्टमध्ये टाका, बाकीचं राहू द्या. मी २०१० ला आमच्या गावच्या जुन्या पिठाच्या गिरणीवर लिहिलं होतं, दोन परिच्छेद फक्त, गिरणीतला तो गरम पिठाचा वास आणि डब्यावर खडूने लिहिलेली नावं. त्यावर मागच्या वर्षी एका मुलीची कमेंट आली की ती गिरणी माझ्या आजोबांची, आमच्याकडे तिचा एकही फोटो नाही, हे वाचून घरात सगळे रडले. व्हॉट्सॅप स्टेटस चोवीस तासांत जातं, ग्रुपवरचं तर संध्याकाळपर्यंत गुड नाईटखाली गाडलं जातं. पंधरा वर्षांनी कुणाला तरी सापडेल असं लिहायचं असेल तर ते ब्लॉगवरच.

नवीनच काढायचा असेल तर ब्लॉगर (म्हणजे ब्लॉगस्पॉटच) किंवा वर्डप्रेस डॉट कॉम, दोन्ही फुकट, कुठलंही घ्या, फार विचार करू नका. सगळ्यांनी मिळून लिहायच्या मराठी साइट्सपण आहेत, मायबोली १९९६ पासून, मिसळपाव २००७ पासून, तिथे लिहिलं तर वाचणारी मंडळी आधीच बसलेली असतात त्यामुळे लगेच प्रतिसाद मिळतो, पण रोजचं लहानसहान लिहायला आपलं स्वतःचं घर बरं पडतं. फेसबुकवर लांबलचक लिहून ठेवण्यासाठी नोट्स होत्या, त्या २०२० च्या ऑक्टोबरनंतर नव्याने लिहिता येईनाशा झाल्या, म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर किती दिवस बसणार. थीम, हेडरचा फोटो, फॉन्ट यात अडकू नका, माझ्या एका मैत्रिणीने थीम निवडण्यात दीड महिना घालवला आणि पोस्ट एकही नाही.

टायपिंगचं सांगते. फोनवर जीबोर्डला, म्हणजे गूगलच्या कीबोर्डला, मराठी घ्या, लॅपटॉपवर विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप केलं की मराठी उमटतं तो) आतच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. हात दुखत असतील तर माईकचं बटण दाबून बोला. विरामचिन्हं नंतर हाताने टाकावी लागतात, पण बोलून लिहिलेलं आपल्याच आवाजात उतरतं हा मोठा फायदा, माझी आई तिच्या आठवणी अशाच सांगते आणि मी फक्त स्वल्पविराम देते.

आता लिहायचं काय. बहुतेक जण इथे अडतात कारण त्यांना वाटतं दहा वर्षांनी लिहितोय तर काहीतरी मोठं हवं. नको. आणि 'खूप दिवसांनी लिहितेय, आता नियमित लिहीन' अशी पोस्ट तर अजिबात टाकू नका, ती टाकून गप्प झालेले कितीतरी ब्लॉग मी बघितलेत, शेवटची पोस्ट तीच. सरळ आजचं लिहा. आज हाताने काय केलं, कुणाशी काय बोलणं झालं, काय बघून थांबलात, त्यातलं एकच घ्या आणि त्याच्या जवळ जा.

माझंच उदाहरण देते. परत सुरू करताना मी आधी लिहिलं होतं की आईवडील म्हातारे होताना बघणं फार अवघड असतं वगैरे. वाचलं आणि खोडलं, कारण ते कुणीही लिहू शकतं. मग त्या दिवशी जे झालं होतं ते लिहिलं. आईचा गोळ्यांचा सात खणांचा डबा मी दर रविवारी भरते. त्या रविवारी डबा उघडला तर सहा खण रिकामे आणि गुरुवारचा खण भरलेला. आधीच्या आठवड्यात पण एक जादा गोळी सापडली होती तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, अगं गुरुवारी माझा उपास असतो ना, गोळी कशी चालेल. बीपीची गोळी. सात महिने दर गुरुवारी ती गोळी घेत नव्हती आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही. एवढंच लिहिलं, पुढे काही ज्ञान दिलं नाही. त्यावर अकरा कमेंट आल्या आणि त्यातल्या चार जणींच्या घरात हेच चाललं होतं. एकीच्या सासूबाई एकादशीला उपास म्हणून साखरेची गोळी घेत नव्हत्या, तिने त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. न्यू जर्सीच्या एका बाईंनी लिहिलं की मी रोज व्हिडिओ कॉलवर बाबांना गोळ्या घेतल्या का विचारते, ते हो म्हणतात, आता डबा उघडून दाखवा म्हणणार आहे. त्या बाईंशी माझं आता दर आठवड्याला बोलणं होतं. पहिलं खोडलेलं टाकलं असतं तर 'अगदी खरं आहे' असं म्हणून लोक पुढे गेले असते.

तीनशे-चारशे शब्द पुरे. वार ठरवा, वेळ ठरवा, माझा बुधवार रात्री जेवणानंतरचा असतो आणि घरी सगळ्यांना माहितीये की बुधवारी भांडी मी घासणार नाही. चुकला एखादा बुधवार तर चुकला, पुढच्या बुधवारी माफी न मागता पुढचं लिहायचं. आणि आकडे बघू नका, किती व्ह्यूज आले ते पान उघडूच नका पहिले सहा महिने.

आता घरच्यांबद्दल लिहिण्याचं, हे नीट वाचा. २०११ मध्ये माझ्या चुलत बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्यावर मी लिहिलं, खूप मनापासून लिहिलं होतं, नाव कुठेच नव्हतं. पण आमचं गाव लहान, तारखा सगळ्यांना माहीत. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिलाच लिंक पाठवली की हे तुझ्याबद्दल आहे का. तिने मला फोन केला नाही, दोन वर्षं बोलली नाही. माझं लिहिणं थांबण्यात त्याचाही भाग होता हे मला खूप उशिरा कळलं. तेव्हापासून माझा नियम आहे, ज्याच्याबद्दल लिहिते त्याला आधी वाचून दाखवते, फोनवर का होईना. आईला गोळ्यांची पोस्ट वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, टाक, पण उपास सोडला असं लिहू नकोस, सोडला नाहीये. मुलांचे फोटो, शाळेचं नाव, सोसायटीचं नाव नको. बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना विचारल्याशिवाय त्यांचे किस्से पण नकोत. ऑफिसबद्दल लिहायचंच असेल तर नोकरी सोडल्यावर. आणि फक्त मोजक्या लोकांनी वाचावं असं वाटत असेल तर ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये परमिशन्स आहे, तिथे ब्लॉग खाजगी करून ज्यांचे ईमेल टाकाल त्यांनाच दिसेल असं करता येतं. वर्डप्रेसला एकेका पोस्टला पासवर्ड लावता येतो. आजारपण, घटस्फोट, कुणी गेल्यानंतरचे दिवस, अशा वेळी दहा माणसांपुरता ब्लॉग फार आधाराचा असतो, माझ्या ओळखीत एकीने केमोच्या काळात असाच चालवला.

आता पायवाट. लिहायला जेवढा वेळ देता तेवढाच दुसऱ्यांचं वाचायला द्या, यात सूट नाही. फीडलीसारखं एखादं फीड रीडर घ्या, त्यात ब्लॉगचा पत्ता टाकला की झालं, नवीन पोस्ट आपोआप तिथे दिसते. जुन्या ब्लॉगवर ज्यांच्या कमेंट आहेत त्यांच्या नावावर क्लिक करून बघा, दहातले आठ बंद असतील, पण दोन सापडतात. मी अशा सगळ्यांना एकेक करून मेल लिहिले, सगळ्यांना मिळून एकच नाही, प्रत्येकाला वेगळा, आणि त्यात त्यांची आठवणारी एखादी पोस्ट लिहिली, की तुमच्या चाळीतल्या पाण्याच्या पिंपावरचं मला अजून आठवतं. पंधरा मेल केले, चौघांची उत्तरं आली, त्या चौघांपैकी तिघं आज परत लिहितायत.

कमेंट करताना 'छान', 'मस्त लिहिलंय' एवढ्यावर थांबू नका. त्यातली एखादी गोष्ट पकडा. कुणी लिहिलं की वडिलांची सायकल विकली, तर विचारा की घंटी कसली होती, कोणी घेतली, पैसे कुणी मोजले. बघा मग तो माणूस पुढची पोस्ट त्यावरच लिहितो. तुमच्याकडे आलेल्या प्रत्येक कमेंटला उत्तर द्या, नुसते हात जोडलेले इमोजी नकोत, आणि उत्तर दिल्यावर त्यांच्याकडे जाऊन वाचून या, आपल्याकडे कुणी हळदीकुंकवाला आलं तर आपण जातोच की. स्पॅमचा त्रास होतो म्हणून कमेंट बंदच करू नका, मॉडरेशन लावा, म्हणजे तुम्ही मंजूर केलेलीच कमेंट दिसेल, दिवसातून एकदा बघितलं तरी चालतं. ज्यांना कमेंट करता येत नाही अशी वयस्कर माणसं असतात, त्यांच्यासाठी पोस्टखाली एक ईमेल पत्ता ठेवा, वेगळा काढलेला. मला सगळ्यात सुंदर पत्रं त्याच पत्त्यावर आलीत, एक आजोबा प्रत्येक पोस्टनंतर दोन ओळी लिहितात, खाली सही आणि तारीख, अगदी कार्ड टाकल्यासारखं.

आणि खो परत सुरू करा. आम्ही नऊ जण आहोत सध्या, दोघी दुबईला, एक गोव्यात, बाकी इकडेतिकडे. महिन्याच्या १ तारखेला ज्याची पाळी तो विषय देतो, १५ पर्यंत सगळ्यांनी आपापल्या ब्लॉगवर लिहायचं आणि खाली बाकी आठ जणांच्या लिंका द्यायच्या, म्हणजे एकाकडे आलेला वाचक नऊ घरं फिरून जातो. विषय जितका छोटा तितकं लिखाण चांगलं येतं, 'बालपण' दिलं होतं तेव्हा सगळ्यांचं सारखंच आलं आणि 'दाराची कडी' दिलं तेव्हा नऊ जणांचं नऊ तऱ्हेचं. या महिन्याची पाळी माझी आहे आणि मी 'उसनी आणलेली वाटी' दिलंय. दहावं कुणी यायला तयार असेल तर लिहून १५ च्या आत लिंक पाठवा, तुमच्यासाठी खाली एक जागा रिकामी ठेवलीये.