अंतराळात हवा भरली तर? उत्तर देताना या चुका टाळा

"अंतराळात सगळीकडे श्वास घेता येईल अशी हवा असती तर?" हा प्रश्न पोरं हमखास विचारतात आणि आपणही लगेच सुरू होतो की मग काय, स्पेससूट नको, विमानात बसा आणि चंद्रावर उतरा. गडबड इथेच होते, कारण आपण फक्त नाकाचा विचार करतो.

हवेचं वजनच न धरणं ही सगळ्यात मोठी चूक. एक घनमीटर हवा साधारण 1.2 किलो भरते, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत, उंचीपण दहा फूट धरा, 34 किलोच्या आसपास हवा असते, जाणवत नाही एवढंच. आता हीच हवा सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या अंतराएवढ्या त्रिज्येच्या गोळ्यात भरली तर ती सूर्याच्या साडेआठ हजार पट भरते (टायपो नाही, हजारच). एवढा माल स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत कोसळणार, आणि गणित केलं की साधारण सतरा तासांत खेळ खल्लास. गोळा नेपच्यूनच्या कितीतरी पुढे, 1150 कोटी किमी त्रिज्येपर्यंत नेलात तर कोसळायची वाटपण बघायला नको, डायरेक्ट ब्लॅक होल.

बरं, कोसळणं बाजूला ठेवा. पृथ्वी सेकंदाला 30 किमी वेगाने पळते, हवेतल्या आवाजाच्या जवळपास 88 पट, हे पण लोक विसरतात. उल्का पेटते ती हवेत अशी घुसल्यामुळेच, इथे उल्केच्या जागी आख्खी पृथ्वी आहे! आणि सूर्याचा आवाज ऐकू येईल म्हणणाऱ्यांनी आधी भागाकार करावा, तो आवाज इथे पोचायलाच 14 वर्षं लागतील.

"ऑक्सिजन मिळाला की सूर्य अजून भडकेल", हे तर नकोच. तिथे लाकूड जळत नाहीये, हायड्रोजनचं हेलियम होतंय.

आणि हवा आली की तरंगणं बंद होईल असं पोराने म्हटलं तर त्याला विचारा, स्पेस स्टेशनच्या आत काय आहे मग? आपल्यासारखीच हवा आहे की, तरी माणसं तरंगतात, कारण स्टेशन आणि ती एकत्रच पृथ्वीभोवती पडत असतात. तेवढ्या उंचीवर, 400 किमीवर, गुरुत्वाकर्षण जवळपास 90 टक्के शिल्लक असतं. तरी पटत नसेल तर अपोलो 15 चा 1971 चा व्हिडिओ लावा, डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, हवेचा पत्ता नाही तरी दोन्ही खाली आले, तेही बरोबरच.