शिवाजी मंदिरला नाटक आणि पोटपूजा: वेळ अशी जुळवा

दादरच्या शिवाजी मंदिरला रात्री साडेआठचा प्रयोग असेल तर नाटकानंतर निवांत जेवू, हा बेत सोडून द्या. तीन अंकी नसलं तरी नाटक सुटायला अकरा वाजतात. तोवर बरीच मराठी उपाहारगृहं खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवू लागलेली असतात. त्यापेक्षा साडेसहालाच सेनाभवनाजवळ पोचा. ‘आस्वाद’ किंवा ‘प्रकाश’, ही दोन्ही मराठी उपाहारगृहं तिथेच. रविवार असेल तर दारातच नाव लिहून घ्या, आणि चौघांचं वेगळं टेबलच हवं असा हट्ट नको. दोन-दोन बसायची तयारी दाखवली की नंबर लवकर लागतो.

घाई असेल तर मिसळ मागवा, पटकन येते. थालीपीठ तव्यावर सावकाश होतं, ते आल्याआल्या सांगून टाका. साबुदाणा वडा ‘प्रकाश’चा, सोबत पियुष, मात्र दोन्ही भरपेट घेतलंत तर पहिल्या अंकात डुलकी ठरलेली! शेवटचा पदार्थ टेबलावर आला की बिल तेव्हाच मागा. तिथून न. चिं. केळकर मार्गाने थिएटर चालत फार लांब नाही, पण फेरीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढायला पंधरा मिनिटं धरा. टॅक्सीच्या नादी लागू नका.

दुपारच्या प्रयोगाला उलटं करा. घरून जेवून निघा, मध्यंतरात बटाटेवड्यावर भागवा. आपल्यापैकी कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला मध्यंतराचा पडदा पडताच वडे आणायला पिटाळा, आणि त्याच्या खिशात सुटे पैसे द्या.