‘देवानंच दार उघडलं’ म्हणण्याआधी या चुका टाळा

इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या कोचिंगमध्ये वर्षानुवर्षं घासणाऱ्या मुलाला एक दिवस कुणीतरी ‘सेटिंग’ सुचवतं, म्हणजे एजंटला पैसे देऊन परीक्षा किंवा नोकरी पदरात पाडून घेणं. घरात नोकरीसाठी प्रार्थना चालूच असते. लगेच सगळे म्हणतात, देवानंच दार उघडलं. इंदूरच्या आपल्या मराठी मंडळीत वारंवार दिसणारी चूक ती हीच, आणि सगळ्यात महागात पडणारीही.

उघडं दार म्हणजे परवानगी नव्हे. पवित्र शास्त्रातलं १ शमुवेल २४ काढा. शौल राजा तीन हजार निवडक माणसं घेऊन दाविदाच्या मागावर आहे, आणि एन-गेदीच्या ज्या गुहेत दावीद लपलाय त्याच गुहेत तो एकटा शिरतो. दाविदाची माणसं म्हणतात, परमेश्वरानं सांगितलेला दिवस तो हाच. त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. शमुवेल संदेष्ट्यानं दाविदाला पुढचा राजा म्हणून अभिषेक केव्हाच केला होता. संधी खरी, राज्याचं वचनही खरं. तरी दावीद फक्त झग्याचा काठ कापतो, आणि तेवढ्यानंही त्याचं मन त्याला खातं. शौल परमेश्वराचा अभिषिक्त आहे, हे त्याला गुहेत शिरण्याआधीही ठाऊक होतं. म्हणून एजंटचा फोन आला की एवढंच विचारावं: फोन येण्याच्या आदल्या दिवशी मला हे काम चूक वाटत होतं का? होतं, तर विषय संपला. त्यावर प्रार्थना करत बसू नये, ती प्रार्थना नसते, घासाघीस असते.

उलट उदाहरण शौलाचंच, अध्याय १३. गिलगालात तो सात दिवस थांबला, शमुवेल येईना, म्हणून होमबली स्वतःच अर्पण केला. ते आटोपतंय तोच शमुवेल हजर. शौलाची कारणं ऐका: लोक पांगत होते, तुम्ही वेळेवर आला नाहीत, शत्रू पलिष्टी जमा झाले होते. तिन्ही खरी! आपल्या मुलांचीही कारणं खरीच असतात. वय निघून चाललंय, जागा कमी, बाकीचे सगळे पैसे देताहेत.

‘बाकीचे सगळे’ कुठे पोचले ते इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. जुलै २०१३ मध्ये पीएमटीच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वेळी दुसऱ्याच्या नावानं पेपर द्यायला आलेली पोरं याच शहरात पकडली गेली आणि व्यापम, म्हणजे मध्य प्रदेशातल्या प्रवेश आणि भरती परीक्षांचा घोटाळा, उघडं पडलं. पेपर सोडवणारा पुढे, पैसे देणारा मागे, बसण्याच्या या व्यवस्थेला नावही होतं, ‘इंजन-बोगी’. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६३४ जणांचे वैद्यकीय प्रवेश रद्द केले. ते २००८ ते २०१२ मधले प्रवेश होते, म्हणजे कित्येकांचा अभ्यासक्रम पुरा होऊन गेला होता.

दुसरी, आमच्या विशेष डोक्यात जाणारी चूक: डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं, बोट ठेवायचं आणि निघालेलं वचन ‘मला मिळालं’ म्हणायचं. वचन तोडून वापरायला सैतानालाही येतं. मत्तय ४ मध्ये तो मंदिराच्या शिरोभागी स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो, पण ‘तुझ्या सर्व मार्गांत तुझं रक्षण करावं’ यातले मार्ग गाळून. येशू तिन्ही वेळा ‘अनुवाद’ या पुस्तकातून उत्तर देतो (८:३, ६:१६, ६:१३), आणि ती वचनं संदर्भासकट जिथली तिथे बसतात. त्यातल्या एका परीक्षेत जगातली राज्यं देऊ केली आहेत. ती येशूचीच होणार होती, फक्त मधला वधस्तंभ वगळायचा होता. शॉर्टकट बहुधा असाच असतो, म्हणून तो इतका पवित्र दिसतो. उपाय साधा आहे. सापडलेल्या वचनाच्या आधीचा आणि नंतरचा अख्खा अध्याय वाचा, मग बोला. पाच मिनिटांत उत्तर हवं असेल त्यांच्यासाठी हा लेख नाही.

‘सोमवारपर्यंत फोन आला तर देवाची इच्छा’ असली खूण ठेवू नका. एजंट सोमवारपर्यंत फोन करतोच, तो त्याचा धंदाच आहे. गिदोनानं देवाकडे खूण मागत लोकर पसरली तेव्हा त्याला आज्ञा आधीच मिळाली होती, हेही विसरू नका.

‘आजच सांगा’ म्हणणाऱ्याला आज नाहीच म्हणायचं. ‘आम्ही फार दुरून आलोय’ म्हणणाऱ्या गिबोनकरांची बुरसटलेली भाकर यहोशवानं पाहिली, परमेश्वराला विचारलं नाही आणि करार करून टाकला. ते शेजारचेच आहेत हे तीन दिवसांत कळलं. आमचाही नेम तीन रात्रींचा.

निकालाच्या रात्री, रडत किंवा चिडून, आधीचा निर्णय बदलू नका. लोयोलाच्या इग्नेशियस या कॅथलिक संताचा १५४८ मध्ये छापलेला हा नियम प्रोटेस्टंटांनीही पाळायला हरकत नाही.

बयाणा देऊन मग पाळकांकडे येऊ नका. ‘नाही’ म्हणू शकेल असा एक माणूस आधी गाठा. आई चालणार नाही.

आणि पैसे देऊन झाले असतील तर? अर्ज मागे घ्या, नोकरी लागली असेल तर वकिलाला विचारून राजीनाम्याचं बघा. ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करा. गणना ५:७ मध्ये मुद्दल अधिक पाचवा हिस्सा सांगितलाय, जकातदार जक्कयानं येशूसमोर चौपट कबूल केलं. एजंटकडचे पैसे बुडाले तर बुडू द्या, ते वसूल करायला दुसरा एजंट शोधू नका.