गवसणी शिवताना मशीन रुसली तर

तंबोऱ्याची गवसणी, म्हणजे त्याची खोळ: वर रेक्झीन, मधे फोम आणि आत मांजरपाट. खांद्याचा पट्टा जिथे जोडायचा, तिथे या तिन्हीवर नायलॉनच्या पट्टीचे आणखी दोन पदर येतात. मी मिरजेत घरीच हे काम करते. सतारमेकर गल्लीत वाद्यं तयार होतात, त्यांचे अंगरखे माझ्याकडे. मशीन जुनी, काळी, बिडाच्या अंगाची. आधी पायावर चालवायची, आता तिला छोटी मोटर लावली आहे.

पहिल्याच वर्षी खालच्या बाजूला दोऱ्याचे झुपके यायला लागले. मी वरचा टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा नट पिळला, मग खालचा दोरा असतो त्या बॉबीन केसचा स्क्रू फिरवला, तरी जमेना म्हणून खाली दोऱ्याचा फास पकडणारं शटलही उघडून ठेवलं. मिस्त्री आले. त्यांनी सुई बदलली, दोरा नव्याने ओवला आणि पुढचा तासभर मी फिरवलेले स्क्रू पूर्वीच्या जागी आणण्यात घालवला. सुईचे दहा रुपये आणि माझ्या शहाणपणाचे तीनशे. तेव्हापासून टेन्शनच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.

आधी मोटरची पिन काढा आणि सुई बदला. वाकलेली दिसत नाही म्हणून ती चांगली, असं नसतं. जुनी सुई नखावरून हळूच ओढून बघा, टोक खरवडत असेल तर ती गेली. साध्या कापडाला 14 नंबर चालतो, पण जीन्स, कॅनव्हास, रेक्झीनला 16 लागतो आणि पट्ट्याच्या जागी 18. पाकिटावर हेच 90, 100, 110 असंही छापलेलं असतं. चपट्या बुंध्याच्या आणि गोल बुंध्याच्या सुया वेगळ्या असतात, तेव्हा दुकानात जाताना जुनी सुई कागदात गुंडाळून न्या. बसवताना ती पार वरपर्यंत सरकवा. सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या बाजूने ओवायचा. नेढ्याच्या वर मागे जी खळगी असते ती शटलकडे हवी. सुई उलटी बसली तर मशीन शिवतच नाही किंवा चार टाके घालून पाचवा सोडते.

मग दोरा. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचलून ओवा. हे सांगायला कोणी विसरलं की शिकणारीचे आठ दिवस वाया जातात. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मधे न जाता वरून घसरतो. मग वरून काही ताणच नाही आणि सगळा सैल दोरा खाली गोळा होतो. म्हणजे झुपके खाली दिसले तरी खोट वर असते. खालची बॉबीन उगीच बदनाम होते. उलट, रेक्झीनवर खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसत असतील तर वरचा ताण जास्त आहे किंवा खालचा कमी.

एवढ्यावर भागलं नाही तर सुईखालची प्लेट काढून कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमधला भुसा ब्रशने झाडा. फोमचा चुरा तिथे घट्ट दाबून बसतो, दाते पुरेसे वर येत नाहीत आणि कापड जागच्या जागी चावलं जातं. फुंकर मारू नका, चुरा आत जातो. शटलच्या वाटेत मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल तेल कधीच नको. माझ्या सासूबाई तेच घालत, आणि थंडीत मशीनचं चाक दोन हातांनी फिरवावं लागे. ते चिकट होऊन बसलं की रॉकेलने धुऊन काढावं लागतं. तेलानंतर चिंधीवर दोन-तीन ओळी शिवून घ्या, नाहीतर गवसणीवर डाग.

आता टाके सोडण्याची गोष्ट. जाड कामात हाच खरा छळ. सुई खाली जाऊन किंचित वर येते, तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि शटलचं टोक तो पकडतं. फोम असला की तो सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचलला जातो. मग फास उमलतच नाही आणि शटलला धरायला काही मिळत नाही. याला टेन्शन फिरवून काही होत नाही. मशीनच्या डोक्यावर, फुटाच्या दांडीवर जो स्क्रू असतो तो थोडा आवळा, म्हणजे फूट माल नीट दाबून धरेल. एक नंबर मोठी सुई लावा. फोमला चिकटवायचं सोल्युशन लावलं असेल तर ते पुरतं वाळू द्या आणि सुई मधूनमधून पुसा, चिकट सुई हमखास टाके सोडते.

पण फुटाचा दाब अतीही नको. दाते खालचा पदर पुढे नेतात, फूट वरचा मागे रेटतो आणि शिवण संपता संपता वरचं रेक्झीन दोन बोटं उरतं. भोपळ्याच्या गोलाईवर असं झालं की गवसणी तिरकी बसते. म्हणून मी अर्धा फेरा फिरवते, चिंधीवर बघते, मग पुढे. टाचण्या लावू नका, रेक्झीनला पडलेलं भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. फूट रेक्झीनला चिकटत असेल तर त्याच्या तळाला कागदी चिकटपट्टी लावून सुईपुरती जागा कापा. पावडरही चालते, पण काळ्या रेक्झीनवर ती पुसत बसावी लागते. टाका मोठा ठेवा, 4 मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाक्यांनी रेक्झीन पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं.

पट्ट्याच्या जागी मशीन अडली तर पायडल दाबून जोर लावू नका. हाताने चाक आपल्याकडे फिरवत एकेक टाका घाला. चढावर फूट तिरका होत असेल तर त्याच्या मागच्या बाजूखाली पुठ्ठ्याची घडी सारा, तो सपाट झाला की मशीन चढ चढते. जीन्सच्या तळाची शिवण मी आधी वरवंट्याने ठेचते. घरातल्यांना ते आवडत नाही.

दोरा सारखा तुटत असेल तर बॉबीन केसच्या कडेवर, प्लेटच्या भोकात नख फिरवा. सुई आपटून ओरखडा पडलेला असतो. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हळू घासलं की जातो.

हे सगळं करूनही जमलं नाही तरच टेन्शनचे स्क्रू. बॉबीन केसच्या स्क्रूच्या खाचेची दिशा आधी मोबाईलमध्ये टिपून घ्या. भरलेली बॉबीन केसमध्ये घालून दोऱ्याला लटकवा. आपोआप घसरत खाली आली तर सैल, हिसका देऊनही हलली नाही तर घट्ट, हिसक्याला बोटभर उतरून थांबली तर बरोबर. स्क्रू घड्याळाच्या पाच मिनिटांएवढाच फिरवा, आणि तोही ताटात धरून. तो फरशीवर पडला की सापडत नाही, अनुभव आहे. खालचं जमलं की वरचा नट त्याच्याशी जुळवा. दोन्ही दोऱ्यांची गाठ फोमच्या आत पडली पाहिजे.

माझ्या खणात रेक्झीन-फोमच्या चिंध्यांचा गठ्ठा आहे. प्रत्येकीवर पेनने सुईचा नंबर, टाक्याची लांबी आणि नट किती फेरे आवळला ते लिहिलेलं आहे. सुई खालून वर यायला लागताना शटलचं टोक नेढ्याच्या जरा वर पोचत नसेल तर टायमिंग बिघडलंय. तिथे मी हात लावत नाही. मिस्त्रींना फोन करते, आणि ते आले की चहाच्या आधी शेवटची चिंधी त्यांच्या हातात देते.