चाकरमानी घराचा जुना हिशेब मांडायची रीत

कावसजी दावरांची कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढची सव्वाशे वर्षं रत्नागिरीकडची माणसं गिरणगावात जात राहिली, पण त्यांची घरं गावातच राहिली. पगार मुंबईत आणि चूल कोकणात, म्हणून एकाच घराचा हिशेब दोन ठिकाणी विखुरला. नुसता पगार पाहिला तर गिरणीने घर पोसलं असं वाटतं. शेजारी भाताचा आकडा मांडला की घरानेही गिरणीला किती पोसलं ते दिसतं. हे दोन्ही आकडे एका पानावर आणायची रीत पुढे दिली आहे. एका घराला चार-पाच बैठका लागतात.

आधी कागद काढा. माळ्यावरची लोखंडी ट्रंक उघडायची ती दिवाळीनंतर. पावसात हवा लागलेले कागद एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फाटतात. मनिऑर्डरची कुपनं, पगारपावत्या, प्रॉव्हिडंट फंडाच्या स्लिपा, सर्व्हिसचा दाखला, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या आणि वाण्याची वही, एवढं शोधा. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, आधी कागद सपाट ठेवून टाचणी सैल करा. प्रत्येक कागदावर कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घाला आणि पडवीतल्या उजेडात दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. कुपनावर रकमेसोबत चार ओळींचा निरोप असतो. "बी-बियाण्याला", "खोताचं देणं" (खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार), "कौलं" अशा शब्दांतून पैसा कुठे गेला ते कळतं, म्हणून तो निरोप शब्दशः उतरवून घ्या. लॅमिनेशन मात्र करू नका, त्यातून कागद परत मोकळा होत नाही.

मग एका लांब वहीत पाच रकाने आखा: साल, मुंबईत कोण होतं, गावी नांगर कोणी धरला, मनिऑर्डर किती आली, घरचं भात किती महिने पुरलं.

सालं कोणालाच आठवत नाहीत, घटना आठवतात. 'रामदास' बोट बुडाली तो १७ जुलै १९४७ चा दिवस. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. गिरण्यांचा शेवटचा मोठा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. "भूकंपाच्या आधी की नंतर?" असं विचारलं की उत्तर बहुधा दोन-तीन वर्षांच्या आत येतं.

रकमा उतरवताना सगळ्यात जास्त चुका होतात. १ एप्रिल १९५७ आधीच्या कागदावर १७–४–६ असं दिसलं तर ते सतरा रुपये, चार आणे, सहा पै. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे ही रक्कम सुमारे १७.२८ रुपये झाली. १७.४६ लिहिलंत तर पुढची सगळी बेरीज चुकेल.

दुसरी चूक म्हणजे रोजाला २६ ने गुणून महिन्याचा पगार काढणं. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभा राही, जॉबरने, म्हणजे माणसं कामावर घेणाऱ्या मुकादमाने, घेतलं तर त्या दिवसाचं काम. म्हणून महिन्यातले भरलेले दिवस वेगळे विचारा. खातंही विचारा, साच्यावर (विणकामाच्या मागावर) होते की रिंगखात्यात (सूतकताईत). विणकामात कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्या निमित्ताने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना चांगल्या पगाराच्या साचाखात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ठणकावून मांडला होता. एकाच वाडीतल्या दोन घरांच्या मनिऑर्डरींत फरक का, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

कामाचे तास आठवणीवर सोडू नका, कायद्याची मर्यादा ठाऊक आहे. प्रौढ पुरुषाला १९११ च्या कायद्याने दिवसाला १२ तास, १९२२ ला ११, १९३४ ला १०, १९४८ ला ९. रविवारची सुट्टी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० पासूनची.

आता भाताचा रकाना. खंडी म्हणजे २० मण हे ठरलेलं, पण मणाचं माप तालुक्यागणिक बदलतं, म्हणून किलो करण्याआधी त्याच गावातल्या जाणत्याला विचारा. त्याहून सोपा प्रश्न: "घरचं भात शिमग्यापर्यंत पुरायचं का?" उत्तर असं पडताळा. १०० किलो भाताचा साधारण ६५ किलो तांदूळ होतो. पाच माणसांच्या घराला माणशी अर्धा किलो धरला तर महिन्याला ७५ किलो लागतो. बाराशे किलो पिकलं आणि खोताला अर्धेल, म्हणजे निम्मं पीक, गेलं तर उरलेल्या सहाशेचा तांदूळ ३९० किलो, म्हणजे पाच महिने. बियाणं वजा केलं की आणखी कमी. दिवाळीपासून मोजलं तर शिमग्यानंतर लवकरच कणगी रिकामी. तिथून पुढे मनिऑर्डर. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर, त्यामुळे त्या सालाच्या आधीचं आणि नंतरचं पान वेगळं ठेवा.

नांगराचा रकाना भरताना घाई नको. आजीला "तुम्ही काय काम करायचात?" विचारलं तर "घरीच होते" एवढंच उत्तर मिळतं. राब (रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन) कोणी भाजला, लावणीला किती दिवस, बेणणी, कापणी, झोडणी, शेणाच्या पाट्या कोणी वाहिल्या, असं एकेक काम घेऊन दिवस मोजा. पुरुष बाहेर गेल्याची खूण जनगणनेतही राहिली आहे: २०११ लाही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२० हून जास्त स्त्रिया होत्या. मात्र जुने तक्ते लावताना जपा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, आणि सावंतवाडी व जंजिरा ही तर संस्थानं होती. त्या संस्थानांतल्या गावाला जुन्या रत्नागिरी-कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांचे आकडे चिकटवू नका.

पान भरलं की अर्थशास्त्रज्ञांची मतं त्याला लावून पाहायची. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या आंबेडकरांनी १९१८ च्या निबंधात म्हटलं की तुकड्यांच्या शेतीचं मूळ दुखणं जमिनीवर अडकलेले जास्तीचे हात हे आहे, ते उद्योगात गेले पाहिजेत. तुमच्या पानावर हात गेलेले दिसतील, तरीही तुकडा सुटलेला दिसणार नाही. आमच्या मते कारण सरळ आहे: आजारपण, संप, म्हातारपण यांचा भार गिरणीने उचलला नाही, तो त्या तुकड्याने उचलला. आर्थर लुईस यांनी १९५४ साली मांडलं की शेतीत जास्तीचे हात आहेत तोवर कारखान्याची मजुरी गावच्या मिळकतीच्या थोडीच वर राहते. हे तपासायला पगारातून खानावळ आणि खोलीचं भाडं वजा करा आणि उरलेला पैसा त्याच सालच्या गावच्या मजुरीशेजारी लिहा. एका घरावरून सिद्धान्त ठरत नाही, वाडीतली दहा-बारा घरं तरी हवीत.

१९८२ च्या संपानंतर चौथा, मनिऑर्डरचा रकाना रिकामा पडू लागतो. तो तसाच सोडू नका. घरी परतलेल्याचा फंड किती आला, कशाला गेला, मुलगा जिल्ह्यातल्याच लोटे-परशुरामच्या कारखान्यात लागला की पुन्हा मुंबईलाच गेला, हे त्याच रकान्यात वेगळ्या शाईने लिहा.