प्लास्टर निघालं, पण हाडांचा इलाज राहिला: या चुका टाळा

बाथरूममध्ये पाय घसरला, हात टेकला, मनगट मोडलं. ऑर्थोपेडिककडे प्लास्टर झालं, निघालं, फाइल कपाटात गेली. फॅमिली डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला बीपी आणि शुगरच तपासली जाते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पन्नाशीनंतर नुसतं उभ्याचं पडून मनगट, खुबा किंवा मणका मोडला, तर ऑस्टिओपोरोसिसचा, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचा, संशय घ्यायलाच हवा. पुढचं फ्रॅक्चर होण्याची भीती पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असते. म्हणून डिस्चार्ज कार्ड फॅमिली डॉक्टरांना दाखवा आणि ‘हाडांसाठी काय करायचं?’ असं सरळ विचारा.

मणक्याचं फ्रॅक्चर तर बहुतेकदा कळतच नाही. ‘वय झालं, पाठ दुखणारच’ म्हणून बाम चोळत राहतात. दवाखान्यात वजन होतं, उंची कोणी मोजत नाही. नेहमीसारखा शिवलेला गाऊन जमिनीला लोळायला लागला, तर उंची मोजून घ्या. तरुणपणापेक्षा चारेक सेंटिमीटर घट असेल तर मणक्याचा एक्स-रे हवा.

ठाण्यात, नवी मुंबईत सोसायट्यांमधून हाडं तपासायची शिबिरं होतात, टाच मशीनमध्ये ठेवून कागद हातात देतात. त्यावरून निदान होत नाही. त्यासाठी खुबा आणि कंबरेचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. त्यातला टी-स्कोअर (तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती, तो आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, हाडं ठिसूळ असतानाही ते नॉर्मलच येतं.

पुरुषांना हा आजार होत नाही, हाही गैरसमज. दमा किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, किंवा पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता औषधं. नुसत्या कॅल्शियमवर ऑस्टिओपोरोसिस आटोक्यात येत नाही. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची साप्ताहिक पुडी सांगितलेले आठवडे संपले की थांबवायची. कित्येक जण ती वर्षभर चालू ठेवतात आणि रक्तातलं कॅल्शियम नको इतकं वाढवून घेतात. अ‍ॅलेंड्रोनेटची (हाडांची झीज रोखणारं औषध) आठवड्याची गोळी आपल्याकडे चहापायी वाया जाते. ती उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा तास चहा नाही, कॅल्शियमची गोळी नाही आणि आडवं व्हायचं नाही. छातीत जळजळ झाली तर गुपचूप बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. किडनीचा त्रास असेल तर ही गोळी चालेल का, हे क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघूनच ठरतं.

हाडांची झीज रोखणारं दुसरं औषध म्हणजे डेनोसुमॅब, त्याचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी. ‘मे महिन्यात गावी जाऊन आलो की घेऊ’ हे इथे चालत नाही. ते लांबलं किंवा मध्येच सोडलं तर एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात, आणि थांबवायचंच असेल तर आधी दुसरं औषध ठरवावं लागतं. पुढची तारीख इंजेक्शन घेतलं त्याच दिवशी कालनिर्णयवर लिहा, मुलांच्या मोबाइलवरही टाका.