बुलेझ ऐकायला सुरुवात कशी करायची

आमच्या बडोद्यात फैयाज खाँसाहेबांच्या आलापीवर कान तयार झालेल्या माणसाला पिएर बुलेझ हा फ्रेंच संगीतकार एकदम लावून दिला तर दोन मिनिटांत बंद करेल, म्हणून आधी त्याची स्वतःची रचना लावूच नका. आधी कंडक्टर बुलेझ ऐका, म्हणजे दुसऱ्यांच्या रचना ऑर्केस्ट्राकडून हातवाऱ्यांनी वाजवून घेणारा. १९६९ साली त्याने क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर स्ट्राविन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग' रेकॉर्ड केलंय, ते हेडफोन लावून ऐका, रात्री दांडिया बाजारातली वर्दळ थांबल्यावर. इतका गोंगाटी तुकडा पण प्रत्येक वाद्य वेगळं कळतं, आणि हा माणूस छडी न घेता नुसत्या हातांनी कंडक्ट करायचा! व्हिडिओ मिळाला तर बोटांकडे बघा. लोक त्याला कोरडा म्हणतात, मला नाही पटत, स्वच्छ म्हणजे कोरडं नव्हे.

दोनतीनदा ऐकून झालं की मग त्याची स्वतःची रचना, १९५५ चं 'ल मार्तो सां मैत्र'. एक गायिका, सहा वादक, बस. इथे सा शोधू नका, मिळणार नाही, तंबोरा डोक्यातून काढून बसा आणि फक्त व्हायब्राफोनचा (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) नाद कसा विरतो तेवढं धरा. एका दमात नको, नऊ छोटे भाग आहेत, रोज एक पुरे.

बुलेझ २०१६ ला गेला, पण त्याने पॅरिसमध्ये उभी केलेली इरकाम ही संस्था अजून चालू आहे, तिथे कॉम्प्युटर आणि वाद्यं एकत्र आणायचं काम होतं. त्याच कामातून आलेली त्याची 'रेपों' ही रचना शेवटी ऐका, चांगल्या स्पीकरवर.